फिरून ये

१

आमच्या स्वयंपाकघरात एक बुटकं लाकडी स्टूल आहे. वरच्या फळीवरचे डबे काढायला ते बायकोला लागतं, एरवी ओट्याखाली सरकवलेलं असतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, अंथरुणाला खिळले आणि काही आठवड्यांनी ते स्टूल पुढच्या खोलीच्या दारात सापडायला लागलं.

"अहो, हे स्टूल माझ्या बोटांच्या जिवावर उठलंय का?" एका दुपारी बायको पाय चोळत ओरडली. "काम झालं की जागच्या जागी ठेवायला काय होतं?"

"मी कशाला आणू? मला कुठे डबे काढायचेत?"

"मग काय चालत आलं?"

मी ते उचलून ओट्याखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पुन्हा दारात होतं, उंबऱ्याला अगदी समांतर, कुणी नजरेनं मापून ठेवावं तसं. मला वाटलं, ही विसरते आणि माझ्यावर ढकलते. तिलाही माझ्याबद्दल तेच वाटलं असणार. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसं अशा गोष्टींचा तपास करत बसत नाहीत.

खाली माझं चष्म्यांचं दुकान आणि वर घर. दुपारी दुकान बंद करून मी वर येतो, बायको जरा आडवी होते आणि अप्पांपाशी मी बसतो. त्यांच्या लोखंडी पलंगाचा पायथा दाराकडे आहे. दारापलीकडे एक अरुंद बोळ सरळ स्वयंपाकघरापर्यंत जातो. पलंगाच्या डोक्याशी भिंतीवर काचेच्या चौकटीत अप्पांचा फोटो आहे. त्यात ते तरुण आहेत, विमानाच्या पंखाला रेलून उभे, आणि मागे समुद्र.

युद्धात अप्पा नौदलाचे लढाऊ वैमानिक होते. जहाजावरून उडायचं आणि त्याच जहाजावर परत उतरायचं, ही त्यांची नोकरी.

२

युद्धाबद्दल अप्पा घरात फारसं बोलले नाहीत. बोलले ते उतरण्याबद्दल. "उडता कुणालाही येतं," ते म्हणायचे. "परत यायला शिकावं लागतं."

घरामागचा उतार हे आमच्या लहानपणी आमचं डेक होतं. मी आणि माझी धाकटी बहीण सायकलवरून वरून सुटायचो. तिला घरात सगळे चिमणीच म्हणत. खाली अप्पा दोन हातांत दोन बॅटी धरून उभे असायचे. वेताच्या कड्यांवर लाल कापड ताणून त्यांनी त्या स्वतः केल्या होत्या. जहाजावरही डेकच्या टोकाला असाच एक माणूस उभा असतो, बॅटवाला. त्याच्या खुणा आम्हाला पाढ्यांआधी पाठ झाल्या. बॅटी दोन्ही बाजूंना सरळ पसरल्या की बरोबर येतोयस. एक वर, एक खाली, म्हणजे कललायस, सावर. पायांपाशी एकमेकींवर आडव्या, म्हणजे इंजिन बंद कर, उतर. आणि डोक्यावर हलवल्या तर नको, वर जा, फिरून ये.

"डेक समोर दिसत असतं, पण त्याच्याकडे बघायचं नाही. बॅटवाल्याकडे बघायचं. तुला वाटतंय ते खोटं, त्याला दिसतंय ते खरं. त्याच्याशी वाद नाही."

चिमणीनं एकदा वाद घातला आणि सायकलसकट कुंपणात घुसली. तिचा गुडघा पुसताना अप्पा हसत होते. "बाईसाहेब, जहाज असतं तर आत्ता तुम्ही माशांच्या घरी चहा घेत असता."

असे अप्पा. आणि एका दुपारी मी त्यांच्या शेजारी बसून दुकानाचा हिशेब लिहीत होतो, तेव्हा चादरीखाली त्यांचे हात हलायला लागले.

अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांच्या उजव्या हातात चमचा राहत नव्हता. त्याच हाताची मूठ वळली आणि पोटासमोर येऊन थांबली. डावा हात मांडीशेजारी पुढे-मागे सरकू लागला. हे काय चाललंय ते मला लगेच कळलं. उजव्या हातात विमानाचा दांडा, डाव्या हातात इंजिनाची ताकद. पलंगाचा एक सैल गज हलकेच थरथरू लागला. अप्पांचे डोळे उघडे होते आणि दारावर खिळले होते. दारात स्टूल होतं, बाकी काही नव्हतं.

मूठ डावीकडे कलली, सावरली. पुन्हा कलली. मग अचानक त्यांनी डावा हात पूर्ण पुढे रेटला, मान मागे टेकवली आणि दीर्घ श्वास सोडला. गज थांबला. ते झोपी गेले.

डोक्यावर बॅटी हलल्या होत्या. त्यांना कुणीतरी फिरून ये म्हटलं होतं.

३

"मेंदू जुनी चित्रं लावतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांना त्रास होत नाही ना? मग उडू देत."

मलाही ते पटलं. पण रोज दुपारी शेजारी बसून बघताना एक गोष्ट खटकत राहिली. पतंग दिसत नसला तरी उडवणाऱ्याच्या हातांवरून तो कुठे झुकतोय ते कळतं, तसं अप्पांच्या हातांवरून मला खुणा वाचता यायला लागल्या. अप्पा चुकायचे, मग खूण व्हायची, मग ते सावरायचे. चूक आणि सावरणं यांच्या मध्ये एक लहानसा अवधी जायचा. ज्यानं सगळं स्वतःच्याच मनात रचलंय, त्याला दुसऱ्याच्या खुणेची वाट कशाला बघावी लागेल?

खात्री करायला मी दारासमोर कपड्यांचं उंच स्टँड आणून ठेवलं. त्या दुपारी अप्पांनी मान वाकडी केली. हलता येत नसताना उशीवरून घसरत घसरत ते बाजूला झाले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "ते काढ रे. दिसत नाहीये तो."

"कोण, अप्पा?"

झटक्यानंतर त्यांच्या तोंडून इतकं सलग वाक्य आलं नव्हतं. मी स्टँड काढलं. काढताना माझ्या पायाला स्टूल लागलं. स्टँड ठेवताना ते तिथे नव्हतं, हे मी शपथेवर सांगतो.

त्याच आठवड्यात चिमणीचा फोन आला. ती समुद्रापलीकडे एका इस्पितळात परिचारिका आहे. रजा मंजूर झाली होती, पण बोट आणि पुढे गाडी असा लांबचा प्रवास होता.

"मला विचारतात का रे?"

विचारत होते. बोलता येत होतं तेव्हा रोज एकच धोशा होता: चिमणी आली का?

"दादा, मी येईपर्यंत त्यांना धरून ठेव. कसंही कर, पण धरून ठेव."

"ठेवतो," मी म्हणालो. "तू निघ."

४

तारकाका अप्पांचे जहाजावरचे सोबती. डेकवर आडव्या ताणलेल्या तारा असतात, उतरणाऱ्या विमानाच्या शेपटीचा आकडा त्यात अडकतो आणि विमान थांबतं. त्या तारा काकांच्या ताब्यात असायच्या, म्हणून ते तारकाका. आठवड्यातून एकदा ते अप्पांना शिव्या द्यायला येत.

"काय रे आळशा, अजून लोळतोयस? ऊठ, पत्ते पिस. तुझी सून इतका फक्कड चहा करते आणि तू मेल्या डोळे मिटून पडतोस." मग माझ्याकडे वळून, "हा जहाजावर असाच. चहा आला की मेल्यासारखा, जेवण आलं की जिवंत."

मी हसलो. तेवढ्यात गज थरथरायला लागला.

काका आधी गमतीनं बघत होते. मग त्यांनी कप खाली ठेवला, खुर्ची पुढे ओढली आणि अप्पांचे हात बघत राहिले. डावा हात पुढे रेटला जाऊन सगळं शांत झालं, तेव्हा काकांचा चेहरा उतरला होता.

"ही आठवण नाही रे," ते म्हणाले. "मी जन्मभर विमानं येताना बघितली. हा कुणाकडे तरी बघून येतोय."

"असं कसं, काका? तिथे कुणी नाही."

त्यांनी दाराकडे बघितलं. "ते स्टूल कुणी ठेवलं?"

मी खांदे उडवले. काका त्यावरची नजर न काढता बोलायला लागले. "आमच्या बॅटवाल्याला आम्ही पाऊण म्हणायचो. सगळे पुरे, हा पाऊण, इतका बुटका. विमानातून दिसावा म्हणून खोक्यावर उभा राहायचा. ते खोकं दुसऱ्या कुणी उचललं तर अंगावर धावून यायचा." ते हसले, पण हसू टिकलं नाही. "युद्ध संपायच्या जरा आधी गेला. एक विमान वेडंवाकडं आलं, पाऊणला बाजूच्या जाळीत उडी मारता आली नाही. तुझ्या बापाचं नव्हतं ते विमान, उगाच मनात काही आणू नकोस."

"चांगला होता?"

"चांगला? त्याच्या हातात आलेलं एकही विमान समुद्रात गेलं नाही. बॅटी सगळेच हलवतात रे. पण कुणाकडे किती पेट्रोल उरलंय, कुणाला अजून एक फेरी परवडेल, कुणाला नाही, हे डोक्यात ठेवणारा तोच." काकांनी अप्पांच्या कपाळावर हात ठेवला. "पाऊण घाई करत नाही. नीट येईपर्यंत परत पाठवतो आणि मग घेतो. किती चुका करतो हा हल्ली?"

"आधी खूप करायचे. आज एकदाच कलले."

काका उठले. जाताना त्यांनी बोळाच्या कडेनं, भिंतीला चिकटून पाय टाकले. दाराच्या मधोमध पाय ठेवला नाही.

"चिमणी कधी येतेय?" त्यांनी जिन्यावरून विचारलं.

"अजून चार-पाच दिवस लागतील."

ते एकदा मागे वळून अप्पांच्या दाराकडे बघून खाली उतरले.

५

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून बॅटी काढल्या. कापडाचा लाल रंग उडून विटकरी झाला होता, पण वेत शाबूत होता.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. मी मनाला असं समजावलं, की अप्पांच्या डोक्यात एक खेळ चाललाय आणि त्यात 'उतर' अशी खूण झाली की ते शरीर सोडून देतील. खेळ कुणाचाही असो, त्याचे नियम मला येतात. बॅटवाल्याशी वाद नाही, हा पहिला. मग बॅटवाला मी झालो तर?

गज थरथरला तेव्हा मी दारात उभा होतो. स्टूल होतंच तिथे. टाचेनं ते मागे बोळात सरकवलं आणि त्याच्या जागी मी उभा राहिलो.

अप्पांची नजर माझ्यावर आली. माझ्या चेहऱ्यावर नव्हे, हातांवर. त्या दुपारी मूठ एकदाही कलली नाही. अप्पा सरळ, अलगद येत होते. इतकं सुंदर, की क्षणभर माझेच हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरले. मग मी भानावर आलो आणि बॅटी डोक्यावर हलवल्या. फिरून ये.

डावा हात पुढे गेला. ते वर निघून गेले. खरं सांगायचं तर मला लहान मुलासारखा आनंद झाला होता.

"अहो, काय चाललंय हे?" बायको मागे उभी होती. "आजारी माणसाची चेष्टा करताय?"

मी तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पदरानं हात पुसले, आणि म्हणाली, "हे केल्यानं त्यांना बरं वाटतंय, की तुम्हाला?"

"चिमणी येईपर्यंत फक्त."

"आत्ता बोळात तुमच्या मागे मी उभी होते," ती म्हणाली. "आणि माझ्या पायांना गार वारा लागत होता. खिडक्या सगळ्या बंद आहेत."

६

अप्पा पुन्हा पुन्हा उतरायला यायला लागले. आधी दुपारी एकदा यायचे, आता जेवण भरवून होत नाही तोच गज थरथरायचा. मग सकाळीही. मी दुकानाला कुलूप लावलं. बॅटी खुर्चीवरच ठेवायला लागलो. दर वेळी अप्पा बिनचूक यायचे आणि दर वेळी मी त्यांना परत पाठवायचो. दर वेळी आधी स्टूल मागे सारावं लागायचं.

अप्पा मात्र खंगत चालले. डोळे खोल गेले, ओठांवर पांढरे पापुद्रे आले. छातीतून आवाज यायला लागला, बादलीत पाणी हिंदकळावं तसा.

"फुफ्फुसात पाणी होतंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता त्यांना धरून ठेवू नका. शांतपणे जाऊ द्या."

धरून ठेवू नका. नेमके तेच शब्द त्यांच्या तोंडी यावेत याचा मला राग आला.

चिमणीची बोट लागल्याची तार आली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती घरी पोचणार होती. त्या संध्याकाळी अप्पा पुन्हा आले. या वेळी त्यांची नजर माझ्या हातांवरून एकदा खाली सरकली, छातीच्या उजव्या बाजूला, जिथे विमानात एखादा काटा असावा अशा जागी. परत वर आली. ओठ हलले.

"पेट्रोल," ते म्हणाले.

मला नीट ऐकू आलं होतं. तारकाकांचं बोलणंही मला आठवलं होतं. तरीही मी बॅटी डोक्यावर हलवल्या. एकच फेरी, अप्पा. चिमणी येतेय.

त्यांनी वाद घातला नाही. डावा हात पुढे नेला आणि गेले.

मी मागे टेकलो तेव्हा टाच स्टुलाला लागली. ते पुन्हा माझ्यामागे चिकटून आलं होतं. मी नेहमीसारखं सारायला गेलो, पण ते सरकलं नाही. त्यावर कुणी उभं असताना जितकं जड लागेल, तितकं ते जड होतं.

मी मागे वळून बघितलं नाही.

७

सकाळी बायको खाली दार उघडायला गेली. रिक्षा थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ चिमणीचा आवाज जिन्यातून वर आला, "दादा! अप्पा जागे आहेत का?"

त्याच वेळी गज थरथरू लागला.

मी दारात उभा राहिलो. अप्पा येत होते. मूठ स्थिर होती, पंख सरळ असणार, कुठे काही चूक नव्हती. त्यांचा चेहरा मी लहानपणी बघितला होता तसा झाला होता, ते उताराच्या खाली उभे असताना. आता थोडंच, मी मनात म्हणालो. जिन्याच्या पायऱ्या उरल्यात. ही शेवटची.

बॅटी डोक्यावर हलवल्या.

अप्पांचा डावा हात पुढे गेला. गज थांबला.

हात मागे आला, पुन्हा पुढे गेला. काही झालं नाही. तिसऱ्यांदा पुढे गेला. इतके दिवस त्या गजाच्या आवाजाची मला इतकी सवय झाली होती, की तो बंद पडल्यावर खोली एकदम रिकामी वाटली. अप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. पुढची खूण काय, एवढंच ते विचारत होते.

मी नजर चुकवली. ती वर गेली, फोटोच्या काचेवर.

काचेत मी होतो, दोन्ही हात वर केलेला. माझ्या मागे, माझ्या काखेखालून दिसेल इतक्या उंचीवर, आणखी एक माणूस उभा होता. चेहरा माझ्या सावलीत होता. त्याच्या हातांतल्या बॅटी खाली, पायांपाशी, एकमेकींवर आडव्या होत्या. तो त्या हलवत नव्हता. बराच वेळ खूण धरून ठेवल्यावर हात जसे थरथरतात, तसे त्याचे हात थरथरत होते.

उतर. किती दिवसांपासून तो हेच सांगत होता, आणि मी मध्ये उभा होतो.

मी बाजूला उडी मारली. "अप्पा, तिकडे बघा! त्याच्याकडे बघा!"

अप्पांची नजर माझ्याबरोबर आली. मी सरकलो तशी सरकली. त्यांनी मला बॅटवाला मानलं होतं, आणि बॅटवाल्यावरून नजर काढायची नसते. मी बॅटी झटकन खाली आणून एकमेकींवर आडव्या धरल्या. उतरा. उतरा. पण त्यांची मूठ आता पोटाशी घट्ट ओढली गेली होती. समोर पाणी दिसल्यावर माणूस ओढील तशी.

"अप्पा!" चिमणी दारात आली होती. ती बॅग टाकून पलंगाकडे धावली.

त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. त्यांच्या तोंडातून, नाकातून पाणी आलं. थोडं नव्हे. चिमणी परिचारिका आहे, तिनं झटकन त्यांना कुशीवर वळवलं, पाठीवर थापलं, आणि पाणी येतच राहिलं. उशी भिजली, गादी भिजली, फरशीवर ओघळ आला. त्यांचे डोळे शेवटपर्यंत माझ्या हातांतल्या बॅटींवर होते.

नंतर चिमणीनं त्यांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. मग ती मागे झाली आणि ओठांना बोट लावून माझ्याकडे बघत राहिली.

"दादा," ती म्हणाली, "हे खारट आहे."

"घाम असेल गं," बायको म्हणाली.

८

गादी आम्ही गच्चीवर उन्हात टाकली. ऊन कडक होतं, तरी ती वाळेना. वरून पांढरी बुरशी आल्यासारखी दिसायची, हात लावला की आत ओलीच.

स्टूल आता ओट्याखाली असतं. मी दिवसातून अनेकदा जाऊन बघतो. ते दारात येत नाही. यावं असं मला वाटतं.

चिमणीनं मला काही विचारलं नाही. बॅटी कशासाठी होत्या, मी ओरडत काय होतो, काहीच नाही. परत जायच्या आदल्या दिवशी फक्त म्हणाली, "मीच तुला म्हटलं होतं ना, धरून ठेव." आणि बॅग भरत राहिली.

त्या संध्याकाळी तारकाका आले. आजारी होते म्हणून आधी येता आलं नाही, असं म्हणाले. गच्चीवर जाऊन बसायची त्यांची सवय होती. मी खुर्ची आणायला वळलो आणि परत आलो, तेव्हा ते गादीपाशी वाकले होते. त्यांनी गादीवरून बोट फिरवलं आणि जिभेला लावलं.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"उतरला ना रे नीट?" त्यांनी विचारलं. "पाऊणनं घेतला ना त्याला?"

मी हो म्हणालो. दोन्ही हात मी पाठीमागे घट्ट धरले होते.